तर्रीवरचं लाल तेल

आमच्या गडचिरोलीच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर जे बाबू बसतात, ते स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट आल्यापासून कोलेस्टेरॉलशिवाय दुसरं बोलत नाहीत. चांगलं कोलेस्टेरॉल आणि वाईट कोलेस्टेरॉल ते असं समजावतात, जणू आपल्या दोन जावयांची ओळख करून देताहेत.

सकाळी आम्ही बसस्टँडजवळच्या टपरीवर तर्री-पोहे खातो. त्यांनी पोहे सोडले नाहीत, हरभऱ्याच्या रश्श्याची झणझणीत तर्रीही सोडली नाही. तर्रीवर तरंगणारं लाल तेल तेवढं ते चमच्याने अलगद काढतात आणि माझ्या पोह्यांवर ओततात.

"मले मनाई हाये, भाऊ. तुमी हडकुळे, तुमाले काय होते? अन् फेकून द्याले जीवावर येते."

अन्नाचा एवढा मान राखणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

गेल्या महिन्यात मीही रक्त तपासून घेतलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं होतं, माझं चढलं होतं. टपरीवरच त्यांनी माझा रिपोर्ट मागून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला आणि दुःखाने मान हलवली.

"काऊन भाऊ, जिभेवर काही ताबाच नाई राह्यला तुमचा?"

आणि बोलता बोलता, सवयीने, चमचाभर तेल माझ्या पोह्यांवर ओतलं.