कमळाचा गठ्ठा वेगळा

फूल हातात आलं की तो ते आधी अंगठ्याच्या नखावर झटकायचा. रंग नाही, वास नाही. नखावर पडलेली पिवळी धूळ डोळ्यांशी नेऊन म्हणायचा, "बाई, चेहऱ्यावर नको जाऊ. पराग पाह्य."

बालाघाटच्या एका कॉलेजात, वनस्पतीशास्त्राच्या विभागात तो शिपाई होता आणि मी झाडझूड करायचे. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचायला मी शिकले ते तिथल्या वाळवलेल्या फुलांच्या चिठ्ठ्यांवरून. सगळे त्याला भाऊ म्हणायचे; तोच शिकवायचा.

मुलांच्या प्रॅक्टिकलची फुलं तोच आणायचा. एकदा लामत्याहून बसमध्ये पळसाचा हा एवढा भारा घेऊन चढला. कंडक्टर म्हणाला, "किसकी बारात है, भैया?" हा म्हणतो, "परीक्षेची!"

जेवणाच्या सुट्टीत सूक्ष्मदर्शक रिकामा असायचा. तेव्हा मला बोलवायचा. "पाह्य, तीन चिरा दिसतेत का?" दिसायच्या, कापायला घेतलेल्या कलिंगडासारख्या. मोहरी, पळस, वांगं, आंबा, सूर्यफूल; तोंडं एकाची दुसऱ्याला मिळत नाहीत, पण परागाला तीन चिरा. तो म्हणायचा, "लय जुन्या काळी कोण्या एका फुलाले ह्या चिरा आल्या असतीन. हे सारे त्याचेच लेकरं." आता सांगा, हे त्याला कोणी शिकवलं होतं?

वाळवलेल्या फुलांच्या कपाटात गठ्ठे दोनच. उगवताना एक दळ येतं ते भात, मका, गवत एकीकडे. दोन दळं येतात ते सगळं दुसरीकडे. एके वर्षी त्यानं तिसरा गठ्ठा बांधला. त्यात सोनचाफा, सीताफळ आणि कुमुद. कमळ मात्र दुसऱ्यातच, पळसाशेजारी.

विभागाच्या साहेबांनी ते पाहिलं आणि मुलांसमोर ओरडले. "कमल यहाँ, कुमुदिनी वहाँ? दोनों एक ही तालाब के हैं! तुम चपरासी हो, प्रोफेसर नहीं।" त्यांनी स्वतः दोरी सोडली आणि कागद परत मिसळून टाकले. पोरं हसली. कोणी त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहिलं असेल तर शपथ!

मी जेवताना भांडले त्याच्याशी. "काहून ऐकून घेतलं?"

"बाई, कुमुदाले तीन चिरा नाहीतच. कडेनं एकच गोल खाच हाय. कमळाले तीन हायेत. एका तलावात राह्यले म्हणून भाऊ-बहीण झाले का? तू ना मी एका भिंतीले टेकून जेवतो, मंग आपण सख्खे का?"

हसला. पण त्या दिवशी त्याला डब्याचं झाकण लावता येईना. शेवटी मी लावून दिलं.

मग बऱ्याच वर्षांनी नवं पुस्तक आलं. साहेब वर्गात रंगून सांगत होते, तीन चिरांवाले हेच खरे द्विदल, कुमुद त्याहून जुन्या घराण्यातलं, कमळाशी त्याचं जवळचं नातं नाही. मी दारात झाडू धरून ऐकत होते. वाटलं, हाच झाडू फेकावा! तास संपल्यावर साहेबांनी भाऊला हाक मारली, "वो तीसरा गट्ठा बना दो।" जणू आपण तो कधी सोडलाच नव्हता. माफी नाही, काही नाही.

"हौ साहेब," म्हणून त्यानं एका दुपारी गठ्ठा बांधला. मी म्हटलं, "बांधायचा नव्हता." म्हणाला, "त्याईले आपल्या घरी जाऊ दे ना बाई. इतके वर्ष दुसऱ्याच्या घरी राह्यले."

रिटायर झाला तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं, "कभी लेट नहीं आया।" एवढंच. आणि प्रत्येक चिठ्ठीवर, 'गोळा करणारा' ह्या शब्दांपुढे, नाव साहेबांचं. ज्यांची चप्पल कधी चिखलात बुडाली नाही त्यांचं! कमळासाठी गळ्याइतक्या पाण्यात उतरलेला माणूस मागच्या पावसाळ्यात गेला, आणि विभागात कोणी दोन मिनिटं उभंही राहिलं नाही.

माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस गेल्या महिन्यात झाला. कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती. मी दार लावून बसले. साहेबांच्या नावावर रेघ मारायची, पुढे भाऊचं नाव लिहायचं. पेननं. अक्षर वाकडं आलं, येऊ दे. दोन गठ्ठे झाले, तिसरा अर्धा राहिला होता, तेव्हा नवे साहेब आत आले. वरचाच कागद उचलून म्हणाले, "ये कौन है?"

मी खुर्ची पुढे सरकवली. "बसा साहेब. सांगते."