अल्वीनाचा आकडा

आमच्या विस्कॉन्सिनच्या दलदलीत सप्टेंबर लागला की संध्याकाळी सहाला कुणी जेवायला बसत नसे. सहाला फोनची एक लांब घंटी वाजायची आणि चौदा घरांतले चौदा जण एकदम रिसीव्हर उचलायचे. सगळ्या घरांना फोनची तार एकच. कुणाचा फोन कुणीही ऐकावा, आणि ऐकलं म्हणून कबूल करू नये, अशी रीत होती.

लांब घंटी अल्वीना टेस्मरची. हवामान कचेरीतून तिला फोन यायचा आणि ती तो आकडा आम्हाला सांगायची: उद्या पहाटे दलदलीत पारा कितीवर जाईल. बत्तीस फॅरनहाइटला पाणी गोठतं हे शाळेतलं पोर सांगेल. पण सव्वीसच्या खाली गेलं की वेलीवरची क्रॅनबेरी, म्हणजे आमचं ते लाल आंबट फळांचं पीक, गेलीच. मग रात्रीपुरतं वाफ्यात पाणी सोडून वेली बुडवायच्या. वर बर्फाचा पापुद्रा धरतो, खाली फळ सुखरूप राहतं.

अल्वीना विधवा होती, उंच आणि हाडकुळी, पायात कायम नवऱ्याचे रबरी बूट. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला मिसेस टेस्मर म्हणायचे. तिनं एकदा झापलं, "मिसेस टेस्मर माझी सासू होती. दहा वर्षं झाली तिला जाऊन, आणि मला तिची मुळीच आठवण येत नाही." तेव्हापासून नुसती अल्वीना. ती कचेरीचा आकडा सांगायची, पण त्यावर स्वतःचा चढवायची. दुपारी वाफ्यात उतरून वेलींखाली हात घालायची, माती चुरडून बघायची, आणि मग ज्याचं त्याला वेगळं सांगायची. "हिल्डर, तुझ्याकडे सत्तावीस. एमिल, तुझा वाफा खळग्यात आहे, चोवीस धर." एमिल म्हणजे माझे सासरे. तिच्या वाफ्याच्या लगेच खाली आमचा वाफा, मध्ये एक पाट.

ते छप्पन साल होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच कचेरीचा पंधरवड्याचा अंदाज आला: पाऊस नाही, आकाश निरभ्र, गारठा लवकर. तळी आधीच तळाला गेली होती. सगळ्यांकडे जेमतेम दोनदा वाफे बुडवण्याइतकं पाणी, आणि त्यातलं एकदाचं फळं काढायला हवंच. पाण्यावर तरंगल्याशिवाय ती गोळा कशी करणार?

नऊ तारखेला अल्वीना म्हणाली, "तेवीस." सगळ्यांनी पाणी सोडलं. रात्री धुकं उतरलं आणि पारा अडतीसवरून हलला नाही. वाफ्यातलं पाणी तहानलेल्या जमिनीनं पिऊन टाकलं, तळ्यात परत काही आलं नाही. सकाळी सासरे काठावर उभे राहून जे बोलले ते मी लिहीत नाही. आठवडाभर घरात तोच विषय. मला राग यायचा. ती काही देव नव्हती, आणि अकरा वर्षं तिच्या आकड्यावर यांनीच पिकं वाचवली होती.

एकोणीस तारखेला कचेरी म्हणाली तेहेतीस, भीती नाही. सहाची घंटी वाजली. सासऱ्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"कचेरी तेहेतीस म्हणते," अल्वीना म्हणाली. "मी बावीस म्हणते. माती पार कोरडी आहे, दिवसाची ऊब तिच्यात टिकतच नाही. पाणी सोडा."

"अल्वीना," सासरे म्हणाले, "मागच्या खेपेला तुझ्या सांगण्यानं आमच्या वेलींनी आंघोळ केली. आज त्यांना बिनआंघोळीचं झोपू दे."

तारेवर दोघं-तिघं हसले.

"एमिल, खळग्यात तुझाच वाफा आहे."

"आणि तळ्यात एकाच खेपेचं पाणी आहे, तेही तुझ्याच कृपेनं! ते फळं काढायला लागणार आहे. मी तळ्याच्या तोंडाची फळी हलवणार नाही."

बाकीच्यांनी कुरकुरत का होईना, थोडं थोडं पाणी सोडलं. सासरे मात्र अडून बसले. मी म्हटलं, "बाबा, तिचं खरं ठरलं तर?" ते म्हणाले, "सुनबाई, बटाटे वाढ."

त्यांनी बटाटे खाल्ले आणि झोपले. पहाटे उठून बाहेर पडलो तर गवत पायाखाली कुरकुर वाजत होतं. दाराबाहेरच्या थर्मामीटरवर एकवीस. वर्षाचं पीक होतं ते, आमचं सहा माणसांचं घर त्यावर चालायचं. आम्ही धावत वाफ्याशी गेलो.

वाफा पाण्यानं भरला होता. वर बर्फ, आणि बर्फाखाली लालबुंद फळं, काल होती तशीच.

आमच्या तळ्याची फळी जागची हलली नव्हती. पाटाकडची फळी मात्र कुणीतरी उचलली होती आणि चिखलात रबरी बुटांचे ठसे होते. वर बघितलं. अल्वीनाचं तळं रिकामं होतं. तिचा वाफा उघडा पडला होता आणि त्यावर पांढरं मीठ पसरल्यासारखं दव गोठलं होतं. ती ओणवी होऊन फळं ओरबाडत होती. गोठलेलं फळ लगेच शिजवलं तर थोडाफार मुरांबा होतो, नाही तर फेकायचं.

सासरे तिच्याकडे गेले नाहीत. तोंड दाखवायची लाज वाटली. ती घरात गेलेली दिसली तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून फोन फिरवला. मी रिसीव्हरला कान लावून शेजारीच उभी होते.

"अल्वीना, हे काय केलंस?"

"तुझं पाणी माझ्या आकड्यापायी गेलं होतं, एमिल. ते परत केलं."

"अगं, पण तुझं पीक!"

"मी एकटी आहे. एका माणसाचं भागतं." मग म्हणाली, "हे कुणाला सांगू नकोस. लोकांना कळलं तर उद्यापासून माझी दया येऊन पाणी सोडतील. आकडा पटला तरच सोडावं. मी सगळ्यांना सांगणार आहे की मला झोप लागली."

आणि तिनं खरंच तसं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. त्या हिवाळ्यात तिच्या पायरीवर रोज काहीतरी येऊन पडायचं: बटाट्याचं पोतं, हरणाची तंगडी, फोडलेली लाकडं. सासरे म्हणायचे, "ही कंजूस माणसं एवढी दिलदार कधीपासून झाली?" त्यांनी शब्द पाळला. मी म्हणेन, तो त्यांच्या सोयीचाही होता. आपला हेकेखोरपणा कोण चव्हाट्यावर मांडेल? पण दर सप्टेंबरला ते आतून कुढायचे, हेही मी पाहिलं आहे.

पुढे गारठ्यात वेलींवर पाणी उडवणारे फवारे आले, रेडिओवर अंदाज यायला लागला, घरोघरच्या फोनच्या तारा वेगळ्या झाल्या. सहाची ती घंटी बंद झाली याचं मला अजून वाईट वाटतं. आता अंदाज अचूक येतो, पण 'एमिल, तुझ्याकडे चोवीस' असं कुणी म्हणत नाही.

अल्वीना गेली तेव्हा सासरे अठ्ठ्याहत्तरचे होते. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमची सँडविचं वाटून होताहेत तोच सासरे टेबलाला धरून उभे राहिले.

"मला एक सांगायचं आहे," ते म्हणाले. "बावीस वर्षं मी लपवून ठेवलं. छप्पन साली त्या पहाटे अल्वीनाला झोप लागली नव्हती. तिनं—"

"बस खाली, एमिल," म्हातारी हिल्डर बाक्कन म्हणाली. "आम्हाला त्याच सकाळी कळलं. तू फोनवर बोललास ना? चौदा घरं ऐकत होती."

आजूबाजूला सगळे आपापल्या बशीकडे बघत होते.

"सगळ्यांना ठाऊक होतं? मग इतक्या वर्षांत एकजण तरी बोलला का नाही?"

"आम्ही कसे बोलणार?" हिल्डर म्हणाली. "कुणाला सांगू नकोस म्हणून तिनं बजावलं होतं ना."