बसमध्ये मराठी बंद

राहात्याजवळच्या एका इंग्लिश मीडियम शाळेच्या पिवळ्या बसवर गोजरबाई मदतनीस म्हणून लागल्या, तेव्हा त्यांना दोनच कामं सांगितली होती. दार लावायचं आणि पोरं मोजायची. तिसरं काम कोणी सांगितलं नाही, ते आपोआप त्यांच्याकडे आलं. ते म्हणजे निरोप.

बस एकरुख्याच्या बाजूला कालव्याच्या कडेकडेने जाते. तिथली घरं गावात नाहीत, रानात आहेत. उसात आणि पेरूच्या बागांत एकेक वस्ती, मधे बैलगाडीची वाट. घरोघरी मोबाईल आहेत, पालकांचा ग्रुपही आहे. पण सकाळी धारा, डबे आणि पाण्याची पाळी यांच्या घाईत ग्रुपवर लिहायला कोणाला सवड नसते. माणसं पोराला दारात उभं करून सांगतात, मावशीला सांग. पोरगं बसमध्ये चढतं आणि सांगतं. आज घरी कुलूप आहे, मला चुलतीकडे सोडा. आज आजोबा येतील, त्यांना ऐकू येत नाही, हॉर्न मोठ्याने वाजवा. दीदीला रात्री ताप होता, तिला खिडकी देऊ नका. या निरोपांबरोबर बाकीचंही यायचं. कोणाची गाय व्याली, कोणाचे आई-बाप कालपासून एकमेकांशी बोलत नाहीत, कोणाच्या विहिरीत साप निघाला. ड्रायव्हर कानिफ म्हणायचा, "मावशी, तुमाला पेपर घ्यायची गरजच न्हाई."

गोजरबाई स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या. मराठी चांगलं वाचतात, इंग्रजी अक्षरं ओळखतात, जोडता येत नाहीत. नवरा वारल्यावर काही वर्षं त्यांनी पेरूच्या पॅकिंगला काम केलं. मुलगा आयटीआय झालेला, नगरला नागापूरच्या एमआयडीसीत फिटर आहे. हाताला चांगला आहे असं सगळे म्हणतात. पण नवीन मशीन आलं तेव्हा त्याच्या मागून लागलेल्या पोराला त्यावर घेतलं, कारण कंपनीचा परदेशी माणूस इंग्रजीत शिकवणार होता. त्या रात्री त्याने घरी फोन करून सांगितलं की साईशाला मराठी शाळेत घालायचं नाही. साईशा म्हणजे त्याची मुलगी. गोजरबाईंनी बसची नोकरी धरली ती तिच्यासाठी. नोकरीवर असलेल्यांच्या मुलां-नातवंडांना निम्मी फी माफ होती. नोकरी गेली तर माफी गेली, आणि माफी गेली तर साईशा तिथे राहू शकत नव्हती. हे त्यांना रोज सकाळी बसची पायरी चढताना ठाऊक असायचं.

गेल्या दिवाळीनंतर शाळेने नियम काढला की बसमध्येही इंग्रजीच बोलायचं. मागणी पालकांचीच होती. एवढी फी भरतो, आणि पोरं वर्गातून बाहेर पडली की पुन्हा आपल्यासारखीच बोलतात, असं त्यांचं म्हणणं. प्रिन्सिपल मॅडमनी ते मानलं. बसमध्ये मोनिका मिसना बसवलं, आणि गोजरबाईंच्या हातात एक बिल्ला दिला. पिवळा पुठ्ठा, त्याला दोरी, आणि वर इंग्रजीत लिहिलेलं की मी आज मराठीत बोललो. जो मराठीत बोलेल त्याच्या गळ्यात तो घालायचा. पुढचा सापडला की त्याच्या गळ्यात.

मोनिका मिस या कामात ढिल्या होत्या. त्या स्वतः नेवाशाच्या, मराठी शाळेतून आलेल्या, नंतर मेहनतीने इंग्रजी शिकलेल्या. बसमध्ये त्या खिडकीपाशी बसून वह्या तपासायच्या आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. गोजरबाई मात्र कडक. पोरांना त्यांची अशी बाजू माहीत नव्हती. त्यांनी साईशाकडून एक इंग्रजी वाक्य पाठ करून घेतलं, "स्पीक इन इंग्लिश," आणि त्या ते दिवसभर वापरायच्या. एकदा साईशाने "आजी, पाणी" म्हटलं तर त्यांनी तिच्याही गळ्यात बिल्ला घातला. साईशा रडली नाही. घरी आली, जेवली, आणि त्या दिवसापासून आजीशी घरातही जेवढ्यास तेवढं बोलायला लागली, तेही इंग्रजीत. सून हसून म्हणाली, "आत्या, तुमच्यामुळं शिकली बघा." गोजरबाईंना अभिमान वाटला. रात्री साईशा त्यांच्याजवळ झोपायची ती आईजवळ झोपायला लागली, याचा त्यांनी विचार केला नाही. केला असला तरी कोणाला बोलून दाखवला नाही.

महिन्याभरात बस शांत झाली. मोठी पोरं चार वाक्यं इंग्रजीत बोलायची, तीच फिरवून फिरवून. लहान पोरं गप्प बसायची आणि खिडकीच्या काचेवर बोटाने चित्रं काढायची. कानिफ एकदा म्हणाला, "मावशी, मयताला निघाल्यावानी वाटतंय गाडीत." त्यांनी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं.

जानेवारीत त्या भागात ऊसतोड जोरात असते. पार्थची वस्ती कालव्याच्या फाट्यापासून आत आहे. पार्थ पहिलीत. त्याचा बाप हर्षल कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो, त्या दिवसांत तो घरी फक्त झोपायला असतो. पोराला आजी सांभाळते. रोज आजी फाट्यावर उभी असायची. कधी उशीर झाला तर पार्थ एकटाच वाटेने जायचा. दोन्ही बाजूंना ऊस, पण घराचा पत्रा फाट्यावरून दिसतो, म्हणून कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी पार्थ बसमध्ये चढला तोच बोलत. "मावशी, आज्जी म्हनली..." एवढंच झालं. गोजरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि आपलं वाक्य म्हटलं. पार्थने "ग्रँडमदर" म्हटलं आणि थांबला. पुढचं त्याच्याकडे नव्हतं. त्याने पुन्हा मराठीत सुरुवात केली तेव्हा गोजरबाईंनी खुंटीवरचा बिल्ला काढून त्याच्या गळ्यात घातला आणि त्याला सीटवर बसवलं. मागे दुसरी पोरं चढायची होती, गाडीला उशीर होत होता.

संध्याकाळी बस फाट्यावर थांबली. आजी नव्हती. एका बाजूचा ऊस तुटून रान मोकळं झालं होतं, दुसऱ्या बाजूचा उभा होता. गोजरबाईंनी पार्थचं दप्तर उचललं. पार्थ उठला नाही. त्याने पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. कानिफने हॉर्न दिला. मोनिका मिसनी वही मिटून त्याला इंग्रजीत विचारलं, काय झालं. पार्थचे ओठ हलले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "टायगर."

मागची पोरं हसली. मोनिका मिसही थोड्या हसल्या. त्या आठवड्यात वर्गात जंगलातल्या प्राण्यांचा धडा चालू होता. त्या म्हणाल्या, इथे टायगर नाही, घरी जा, आजी वाट बघत असेल. गोजरबाईंना त्यातलं घरी जा एवढं समजलं. त्यांनी पार्थची बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली, त्याला कडेवर घेतलं आणि पायरीवर आल्या. खाली उतरवायला वाकल्या तेव्हा पोराने त्यांच्या गळ्याला अशी मिठी मारली की त्यांचा तोल गेला. हा हट्ट नव्हे, हे त्यांना तिथे कळलं. त्यांनी मिसकडे पाहिलं नाही. त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "काय झालं रे? आपल्या बोलीत सांग."

पार्थने एका दमात सांगितलं. "आज्जी म्हनली, मावशीला सांग, फाट्यावर सोडू नका. काल उसात बिबट्याची पिल्लं घावली. वनखात्याच्या मानसांनी ती कॅरेटमदी तितंच ठिवलीत. त्यांची आई न्यायला येनार हाय. वाटनं कोनी चालायचं न्हाई. गाडी विहिरीकडनं घरापर्यंत आना." मग श्वास घेऊन म्हणाला, "मी सकाळी सांगत हुतो, तर तुमी बिल्ला घातला."

गोजरबाई पायरीवरून मागे आल्या आणि दार ओढून घेतलं. कानिफने काही न विचारता गाडी मागे घेतली. विहिरीकडची वाट अरुंद होती, उसाची पानं दोन्ही बाजूंनी काचांना घासत होती. पार्थची आजी गोठ्याच्या दारात कंदिलासारखी मोठी बॅटरी घेऊन उभी होती. निरोप पोचला असं धरूनच ती उभी होती. तिने गोजरबाईंना चहा घेऊन जा म्हटलं. गोजरबाई नको म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बिबटी कोणाला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी पिल्लं ठेवलेलं प्लास्टिकचं कॅरेट रिकामं सापडलं, म्हणजे पिल्लं तिने रात्री नेली. झालं एवढंच. पण पार्थने घरी सगळं सांगितलं, आणि हर्षल ट्रॅक्टर उभा करून शाळेत आला. त्याच्याबरोबर आणखी दोघे-तिघे पालक आले.

प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत गोजरबाई आणि मोनिका मिस दाराजवळ उभ्या राहिल्या. हर्षल आरडाओरडा करणारा माणूस नाही. तो म्हणाला की त्याला इंग्लिश पाहिजेच आहे, त्यासाठीच तो इथे फी भरतो. "पन निरोप पोचला पाह्यजे मॅडम. निरोप सांगाया आमच्याकडं एकच भाषा हाय." दुसऱ्या एका पालकाला वेगळी काळजी होती. एकदा सवलत दिली की पोरं पुन्हा दिवसभर मराठीच बोलतील, आणि मग आमचे पैसे कशाला. त्यावर दोघांत थोडं वाजलं. मॅडमनी ते थांबवलं आणि विचारलं की सकाळी मुलाला कोणी गप्प केलं.

गोजरबाई घरून ठरवून आल्या होत्या की मिस बसलेल्या होत्या, मी काय करणार, असं म्हणायचं. साईशा त्या वेळी खालच्या मजल्यावर वर्गात होती, पाढे म्हणत असल्याचा आवाज वरपर्यंत येत होता, तेही इंग्रजीत. त्या म्हणाल्या, "मी केलं. बिल्ला मी घातला. मिसनं न्हाई."

मग मोनिका मिस म्हणाल्या की मावशींनी शाळेचाच नियम पाळला, त्यांना काढायचं असेल तर आधी नियम काढावा लागेल. हे त्या मराठीत बोलल्या. आपण मराठीत बोलतोय हे त्यांच्या लक्षात आल्याचं दिसलं नाही.

मॅडमना दोन्ही बाजूंचे पालक सांभाळायचे होते. शेवटी त्यांनी निर्णय सांगितला. बसमध्ये इंग्रजीचा नियम राहील, बिल्लाही राहील. मात्र इमर्जन्सी असेल तर मुलांना मातृभाषेत बोलायची परवानगी असेल. "आणि इमर्जन्सी कोणती, हे मावशी ठरवतील," त्या म्हणाल्या. "चूक झाली तर जबाबदारी त्यांची."

गोजरबाईंची नोकरी राहिली, पण ती आता या एका शब्दावर टांगलेली होती. घरी जाताना त्यांनी कानिफला विचारलं की इमर्जन्सी म्हणजे नेमकं काय काय. तो म्हणाला, आग लागली, कोणी पडलं, रक्त आलं, असलं काही. बिबट्या धरा. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या थांब्यावर चौथीतली एक मुलगी चढली आणि हात वर करून म्हणाली, "मावशी, इमर्जन्सी."

गोजरबाई दार तसंच सोडून तिच्याकडे वळल्या. "काय झालं?"

"आमच्या मांजरीला तीन पिल्लं झाली. एक पांढरं हाय."

सगळी पोरं गोजरबाईंकडे बघत होती. मोनिका मिस खिडकीबाहेर बघत होत्या, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. गोजरबाईंनी कानिफची यादी आठवून पाहिली. यात आग नव्हती, रक्त नव्हतं. मग विचारलं, "डोळे उघडले का?"

"न्हाई अजून."

"मंग इमर्जन्सी हाय," त्या म्हणाल्या. "बस खाली, नीट सांग."

पुढच्या थांब्यावर आणखी दोन इमर्जन्सी चढल्या. एकाच्या आजोबांनी चष्म्यावर बसून चष्मा मोडला होता. एकीच्या काकाचं लग्न पुन्हा मोडलं होतं, आणि या वेळी चूक काकाचीच होती असं तिची आई म्हणत होती. कालव्याच्या पुलापर्यंत बसमध्ये एवढा गलका झाला की कानिफला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईना. तो ओरडला, "मावशी, तुमची मराठी काय मरत न्हाई. डिझेलसारखी हाय, कितीबी धुवा, वास येतोच."

असं आठवडाभर चाललंय. काही इमर्जन्सी गोजरबाई नाकारतात. शेजारच्याने चिमटा काढला तर ते इंग्रजीत सांगावं लागतं, ते सगळ्यांना चांगलं येतं. गेटपाशी बस आली की पोरं आपणहून इंग्रजीत शिरतात, चप्पल काढून बूट घालावेत तशी. मॅडमना काही कळलंय की नाही हे गोजरबाईंना माहीत नाही. रोज सकाळी पायरी चढताना त्यांना तीच धास्ती असते.

साईशा मात्र बसमध्ये कधी हात वर करत नाही. ती पुढच्या सीटवर बसून ऐकते. परवा शनिवारी शेवटचं पोर उतरल्यावर बसमध्ये कानिफच्या मागे फक्त त्या दोघी आणि मोनिका मिस राहिल्या. मिसनी वह्या पिशवीत भरल्या, इकडे तिकडे बघितलं आणि हात वर केला.

"मावशी," त्या म्हणाल्या, "इमर्जन्सी आहे. मला उद्या बघायला येतायत, आणि मुलगा पुण्याचा आहे. नेसायचं काय ते कळेना."

गोजरबाईंनी विचारलं की घरात कुठल्या कुठल्या साड्या आहेत. मिस सांगायला लागल्या. साईशा मागे वळली, दोघींच्या मधे येऊन बसली आणि म्हणाली, "मिस, निळी नको. निळीत तुम्ही परीक्षेला आल्यासारख्या दिसता."