तेलाचं झाकण

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवासमोर उभा राहूनही कधी मनातल्या मनात पुरतं म्हटलेलं नाही – अर्ध्यावर येतो आणि दुसरंच काहीतरी मागतो. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर बसला असतात तर जमलं असतं का? नसतं जमलं, बहुतेक.

दिघीला जेटीच्या रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. आगरदांड्याहून खाडी ओलांडून फेरीबोट आली की गाड्या आमच्या दारावरूनच वर चढतात. गॅरेज काढलं माझ्या मोठ्या भावाने, आण्णाने. तो माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. बाप लवकर गेला, तेव्हा मला शाळेत घातलं त्याने, शाळेत रमत नाही म्हटल्यावर हातात पाना दिला त्यानेच. तो मला बापासारखा होता, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो. म्हणताना जीभ जड होते – पण म्हणतो.

आण्णाची खासियत होती तपासणी. इंजिन खोलून दुरुस्त करणारे बोर्लीपासून श्रीवर्धनपर्यंत पुष्कळ होते. पण गाडीतून इंजिन न उतरवता, नुसतं बॉनेट वर करून, आत काय चाललंय ते सांगणारा आण्णाच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. तेल, पाणी, बेल्ट, पाइप, वायर – हीच ओळ, कधी चुकली नाही. एकेका वस्तूला हात लावून तिचं नाव तोंडाने घ्यायचा, वहिनी सामान मोजून घेते तसं. तेलाची पट्टी काढली, पुसली, घातली, परत काढली. रबराचे पाइप दाबून बघितले. मग गाडीखाली वाकून कुठे ठिबकतंय का ते पाहिलं. शेवटी बॉनेट आपल्या हाताने लावायचा आणि वर एक थाप मारायचा. बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ती थाप ऐकली की पुरे.

मी तीस वर्षं त्याच्या बाजूला काम केलं. तीस वर्षं लोक दारात येऊन विचारायचे, ‘आण्णा हायत का?’ मी असायचो की समोर. मी दिसायचो नाही का त्यांना? – हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर तुम्हाला वाटायला नको की ते सगळं नुसतं विसरण्यातून झालं.

लियाकतभाई शेअरची जीप चालवायचे, दिघी ते बोर्ली. दर सोमवारी सकाळी पहिली फेरी यायच्या आधी जीप आमच्याकडे लावायचे. आण्णाने हात लावल्याशिवाय आठवडा सुरू करायचा नाही, असा त्यांचा नेम. त्या सोमवारीही आण्णाने सगळं बघितलं. तेल, पाणी, बेल्ट, पाइप, वायर. थाप मारली. लियाकतभाई चहाला गेले, आण्णा मागे विहिरीवर हात धुवायला.

आणि मी बॉनेट परत उघडलं.

का उघडलं? मला काही ऐकू आलं नव्हतं. कसलाही संशय नव्हता. मला एवढंच हवं होतं – एकदा तरी आण्णाला न सापडलेलं काहीतरी मला सापडावं. मी जीप चालू केली आणि तेलाचं झाकण काढलं. इंजिन चालू असताना झाकण काढलं की आतून धूर किती येतो त्यावरून पिस्टनची तब्येत कळते. धूर नव्हता. इंजिन ठणठणीत होतं. आण्णाचं काहीही चुकलेलं नव्हतं.

इंजिन बंद केलं. कचरा जायला नको म्हणून भोकावर फडकं टाकलं, झाकण बॅटरीवर ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. गावच्या टेनिस क्रिकेटच्या टीमचा फोन होता – रविवारच्या सामन्यात पहिली ओव्हर कोणी टाकायची. हो, एवढंच. मी बोलत बोलत बाहेर आलो. फेरी धक्क्याला लागली होती, माणसं रस्त्यावर चढत होती. लियाकतभाई लगबगीने आले, ‘चल सुऱ्या, पाशिंजर आलं.’ मी कानाला फोन तसाच धरून एका हाताने बॉनेट आपटलं.

झाकण बॅटरीवरच राहिलं.

दिघीतून बाहेर पडताना मोठा चढ आहे, तुम्ही आला असाल तर आठवेल. त्या चढावर इंजिन तापलं, उघड्या भोकातून तेल उडालं, फडकं सरकून गरम पाइपावर पडलं. मागच्या सीटवरच्या बाईने पहिल्यांदा वास आला म्हणून सांगितलं. लियाकतभाईंनी जीप कडेला घेतली, नऊच्या नऊ माणसं खाली उतरवली. मग पुढे जाऊन बॉनेट उचललं. उचललं नसतं तर त्यांना काही झालं नसतं, असं पुढे सगळे म्हणाले. पण त्यांची गाडी होती ती. उघडल्यावर आत हवा गेली आणि जाळ बाहेर आला. दोन्ही हात भाजले, हनुवटी आणि मान भाजली. उजव्या हाताची बोटं नंतर एकमेकांना चिकटली. ती कधी सुटली नाहीत.

आम्ही दोघे मोटारसायकलवरून वर पोचलो तोवर लोकांनी माती टाकून आग विझवली होती. लियाकतभाईंना टेम्पोत घालून नेलं होतं. आण्णा इंजिनात वाकला. बराच वेळ वाकून होता. मी मागे उभा होतो आणि मला माहीत होतं तो काय शोधतोय. बॅटरीच्या खालच्या खाचेतून त्याने झाकण काढलं. काळं पडलेलं. हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला.

मग माझ्याकडे वळला. ओरडला नाही. त्याच्या आवाजात संशय नव्हता – हे मी शपथेवर सांगतो. खात्री करून घेतल्यासारखं विचारलं.

‘मी हात धुवायला गेलो तवा तू बॉनेट उघडलं व्हतंस काय रं?’

‘न्हाय,’ मी म्हटलं.

झालं. एवढाच शब्द. मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं म्हणता येईल. पण वेळ तर नंतर मिळाला ना? अकरा वर्षं मिळाली.

आण्णाने मान हलवली. ‘मग माझ्याच हातून ऱ्हायलं,’ म्हणाला. ‘झाकण काढल्याचं आठवत पन न्हाय मला.’ आठवणार कुठून? त्याने ते काढलंच नव्हतं.

अलिबागच्या दवाखान्यात मी त्याच्याबरोबर गेलो. लियाकतभाईंचे दोन्ही हात पट्ट्यांत कोपरापर्यंत. आण्णा खाटेच्या पायाशी उभा राहिला, त्याने हात जोडले. साठीला आलेला माणूस. त्याने वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. लियाकतभाई म्हणाले, ‘उठा आण्णा, असा काय करताव. अल्लाची मर्जी. वय झाला का होतो असा.’ त्यांच्या बायकोने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी आण्णाला दंडाला धरून उठवलं. त्या बाईने मग मला स्टूल दिलं. मी बसलो.

पुढचे चार महिने आण्णा रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जायचा. त्यांना जेवण भरवायचा, दाढी करून द्यायचा. गॅरेजला मात्र त्याने हात लावला नाही. दारातल्या बाकावर बसायचा. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, ‘सुऱ्या बघतो आता. माझा भरवसा न्हाय.’

आणि लोक मला विचारू लागले. पहिल्यांदा कोणी दारात येऊन ‘सुरेशशेठ’ म्हटलं तेव्हा – हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो – तेव्हा मला बरं वाटलं. तो बाकावर बसलेला असताना.

घरात हळूहळू सगळं बदललं. वहिनी त्याच्यामागून गॅस बघायला लागली. बाजारात पाठवताना चिठ्ठी द्यायला लागली. मोटारसायकलची चावी माझ्या बायकोने खुंटीवरून काढून कपाटात ठेवली. कोणी वाईट मनाने करत नव्हतं. त्यालाही राग येत नव्हता, हेच तर भयंकर होतं. दाराला कडी लावून तो चार पावलं जायचा, परत यायचा, कडी चाचपायचा. मला विचारायचा, ‘सुऱ्या, लावली ना रं मी?’ मी म्हणायचो, ‘लावली.’ दिवसातून किती वेळा तरी. खरं उत्तर देण्याची तेवढीच सवय उरली होती मला त्याच्याशी.

तिसऱ्या वर्षी वहिनीने हट्ट धरला म्हणून त्याला मुरुडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने शंभरातून सात सात वजा करायला लावले, पाच वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने परत विचारली. आण्णाने सगळं बिनचूक सांगितलं. डॉक्टर हसून म्हणाले, ‘यांना काही झालेलं नाही. माझ्यापेक्षा बरी आहे आठवण.’

येताना आम्ही आगरदांड्याहून फेरीत बसलो. गाड्या दाटीने उभ्या होत्या. शेजारी मुंबईची एक पांढरी गाडी होती, एसीसाठी इंजिन चालूच ठेवलेलं. आण्णा कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होता. एकाएकी त्याने मान वाकडी केली. मग त्या गाडीवाल्याच्या काचेवर टकटक केलं. ‘साहेब, तुमचा बेल्ट उलतोय. म्हसळ्याच्या पुढं न्हाय जायचा.’ त्या माणसाला आधी वाटलं, म्हातारा काहीतरी मागतोय. मग उतरला, बॉनेट उघडलं. मी मोबाइलच्या उजेडात बघितलं. बेल्टच्या आतल्या बाजूला भेगा होत्या आणि एक कड उसवून लोंबत होती. बंद बॉनेटमधून, फेरीच्या एवढ्या आवाजात, त्याने ते ऐकलं होतं.

‘तुम्हीच बदलून द्या ना काका,’ गाडीवाला म्हणाला.

आण्णा दोन पावलं मागे सरला. दोन्ही हात पाठीमागे नेले. ‘माझा धाकला भाव करील,’ म्हणाला. ‘मी हात लावत न्हाय.’

मग परत कठड्यापाशी येऊन हळूच मला म्हणाला, ‘डाक्टरला काय कळतंय. नुसतं आठवून काय करायचं? एक मानूस हातानं अधू केला मी.’

खाडी पार व्हायला फेरीला वेळ लागतो. त्याला सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी तोंड उघडलंही होतं – खरंच उघडलं होतं. मग समोर दिघीचा धक्का दिसायला लागला, गॅरेजचा पत्रा दिसला, आणि मी म्हटलं, ‘आण्णा, उतरताना सांभाळून.’

तो बेल्ट मी त्याच दिवशी बदलून दिला. गाडीवाल्याने माझं कौतुक केलं.

तीन वर्षांपूर्वी आण्णा गेला. शेवटी शेवटी तो खरोखरच विसरायला लागला होता. म्हातारपणाने, की मीच इतकी वर्षं त्याला तसं मानायला लावलं म्हणून – मला ठरवता येत नाही. माझं नाव विसरला, वहिनीचं विसरला. पण ती जीप विसरला नाही. तापात असताना उठून बसायचा आणि वहिनीला म्हणायचा, लियाकतकडं जायचं ऱ्हायलं आज. गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याने मला ओळखलं. माझा हात धरला आणि म्हणाला, ‘तू व्हतास म्हनून निभावलं.’

तेव्हाही मी बोललो नाही. मरणाऱ्या माणसाला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. त्रास? त्याला?

सुतक फिटल्यावर लियाकतभाई भेटायला आले. त्यांनी वहिनीसमोर खुर्ची ओढली आणि आपला तो मिटलेला हात गुडघ्यावर ठेवून म्हणाले, ‘भाभी, माझ्या मनात आण्णांबद्दल काय न्हाय. मी त्यांना कधीच माफ केलाय. आज बोलून दाखवतो, त्यांना तिकडं शांती मिळूं दे.’ वहिनी पदर तोंडाला लावून रडली. ती किती वर्षं या एका वाक्याची वाट बघत होती, ते मला तेव्हा कळलं.

मी तिथेच दाराला टेकून उभा होतो. लियाकतभाईंनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

‘बरं केलंत,’ मी म्हटलं, आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेलो.

लियाकतभाई अजून आहेत. वहिनी आहे. दोघांनाही मी अजून सांगितलेलं नाही.