स्कोपची ओळ मी वाचली नव्हती

"मॅडम, तुमची सही हाय म्हणून पाठवायलोय," असं म्हणून बालाजीने माझ्या हातात गोळ्यांची डबी ठेवली.

सकाळचे सात वाजत आले होते. चाकणच्या आमच्या कंपनीच्या गेटवर बस उभी होती. आत बेचाळीस मुलं, सगळी आमच्याच कंपनीतल्या लोकांची. कंपनीतर्फे त्यांच्यासाठी पाच दिवसांचं निवासी उन्हाळी शिबिर, तेही पहिल्यांदाच. मी क्वालिटी डिपार्टमेंटमधली. माझा त्या शिबिराशी संबंध एका सहीपुरता होता. टाटा करायला म्हणून शिफ्टच्या आधी पाच मिनिटं गेटवर आले होते.

बालाजी आमच्या प्रेस शॉपमधला ऑपरेटर. मूळचा लातूरकडचा, राहायला कुरुळीत. त्याची दहा वर्षांची वैष्णवी खिडकीला नाक लावून बसली होती.

"कसल्या गोळ्या आहेत?"

तो जवळ आला आणि आवाज खाली घेतला. "फिट येते तिला, कधीमधी. सकाळ-संध्याकाळ एकेक द्यायची. तुम्ही सरांना जरा हळूच सांगा."

"फॉर्ममध्ये लिहिलंय ना?"

"नाही लिव्हलं. लिव्हलं तर रिजेक्ट करतेत."

रिजेक्ट हा माझाच शब्द. दिवसभर शॉपमध्ये मी तोच वापरते. पार्टवर बारीक चीर दिसली की लाल डब्यात टाकायला लावते. म्हणून काही ऑपरेटर चीर दाखवतच नाहीत, हेही मला ठाऊक आहे. बालाजीने पोरीच्या बाबतीत तेच केलं होतं.

आता त्या सहीबद्दल सांगते. आमच्या कंपनीत कुणालाही काम द्यायचं तर आधी व्हेंडर अप्रूव्हल लागतं. म्हणजे त्या माणसाला हे काम खरंच येतं का, हे तपासून कुणीतरी सही करायची. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपकडून साधा ब्रॅकेट घ्यायचा असला तरी मी तिथे दोन दिवस जाऊन बसते. मशीन बघते, माणसं बघते, डब्यातला एक पार्ट उचलून तो कुठून कुठून आला ते मागे मागे शोधत जाते. शिबिराची फाइल मात्र एचआरच्या कदमांनी माझ्यापुढे ठेवली तेव्हा माझं दुसरं ऑडिट चालू होतं. वर आयएसओचं सर्टिफिकेट होतं. मी लोगो पाहिला, मुदत पाहिली आणि सही ठोकली. चहा निवायच्या आत काम झालं. मुलांच्या खेळात काय तपासायचंय, असंच वाटलं होतं मला. आज लिहितानाही लाज वाटते.

डबी घेऊन मी शिबिराच्या सरांकडे गेले. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, गडगडाटी हसणं. पोरं त्यांच्यावर खूश होती.

"सर, एखाद्या मुलाला फिट आली तर तुमच्याकडे काय करतात?"

"काही घाबरायचं नाही मॅडम. चप्पल हुंगवायची आणि दातात चमचा धरायचा. दोन मिनिटांत उठून बसतं पोरगं."

ते मनापासून बोलत होते. आमच्या प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच तासाला सांगतात, की तोंडात काही घालायचं नाही, मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोचणारं-लागणारं बाजूला करायचं, किती वेळ झाला ते घड्याळात बघायचं आणि फिट लांबली तर लगेच अँब्युलन्स बोलवायची.

"आणि पोहणं कुठे?"

"शेततळ्यात. मस्त मोठं आहे."

शेततळं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तळाला आणि चारी बाजूंना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरतं. आत घसरलं की धडधाकट पोहणाऱ्यालाही उतारावरून वर येता येत नाही. मी विचारलं, काठावर दोर आहे का, टायर आहे का, पाण्यावर लक्ष ठेवायला कोण.

"मीच की! बावीस वर्षं शिबिरं घेतोय, एका पोराला खरचटलं नाही."

हे वाक्य मी वर्कशॉपमध्ये शंभरदा ऐकलंय. आजवर झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. मी मोबाइलवर फाइल उघडली आणि सर्टिफिकेटमधली स्कोपची ओळ वाचली. स्कोप म्हणजे हे सर्टिफिकेट नेमक्या कोणत्या कामासाठी दिलंय ते. तिथे लिहिलं होतं: हाउसकीपिंग व कामगार पुरवठा.

सर्टिफिकेट खोटं नव्हतं. सरांच्या फर्मचा तोही धंदा होता. त्यात मुलांचा कुठे उल्लेखच नव्हता.

कदम बसपाशीच उभे होते. त्यांना बाजूला घेऊन मी वैष्णवीचं, तळ्याचं आणि स्कोपचं सांगितलं. "माझी सही मी मागे घेते. बस होल्डवर टाका."

"आत्ता? अहो, पालक उभे आहेत, साहेब झेंडा दाखवायला येतायत. फार तर त्या एका मुलीला उतरवू."

"तिचं तरी मला कळलं. बाकी एकेचाळीस जणांपैकी कुणाच्या घरच्यांनी काय लपवलंय, तुम्हाला माहितीये?"

कदमांनी बसच्या खिडक्यांकडे पाहिलं. माणूस वाईट नाही. त्यांचाही मुलगा त्याच बसमध्ये होता. पाचेक मिनिटं त्यांनी कुणाकुणाला फोन केले आणि मग स्वतः बसमध्ये चढून मुलांना उतरायला सांगितलं.

पुढचा अर्धा तास मी विसरू शकत नाही. लहान मुलं रडायला लागली. पालक चिडले. माझ्या हातात डबी, शेजारी मान खाली घातलेला बालाजी. लोकांना अंदाज यायला वेळ लागत नाही. "एका पोरीपायी आमच्या पोरांनी का घरी बसायचं?" असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. वैष्णवी तेव्हा पायरी उतरत होती.

ती सरळ माझ्याकडे आली. "माझ्यामुळं थांबली का बस?"

"नाही गं. मी एक कागद न वाचता सही केली, म्हणून थांबली."

तिने मान हलवली. तिला पटलं नव्हतं.

नंतर कदम आणि मी दुसरं शिबिर शोधायला लागलो. आता मी नीट ऑडिट केलं. थेरगावपासून पार मावळापर्यंत हिंडलो. बहुतेक ठिकाणी फ्लेक्स मोठा आणि उत्तरं छोटी. शेवटी एक संस्था सापडली, तिला बाहेरच्या तपासणी मंडळाचं अ‍ॅक्रेडिटेशन होतं. या शब्दाचा अर्थ साधा आहे. ज्याचा त्या शिबिराशी नात्याचा की धंद्याचा काही संबंध नाही, असा माणूस येऊन पाण्यापाशी कोण, औषध कोण देणार, रात्री मुलांजवळ कोण, हे विचारतो आणि उत्तर प्रत्यक्ष करून दाखवायला लावतो. तरीही मी स्कोपची ओळ दोनदा वाचली. मुलांची निवासी शिबिरं, असंच होतं. तलावावर जीवरक्षक होता, नर्स मुक्कामी होती.

त्यांच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न आजारांचा होता. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं: या माहितीमुळे कुणालाही प्रवेश नाकारला जात नाही. तो फॉर्म वाटल्यावर दोन दिवसांत सहा पालकांनी आधी न सांगितलेल्या गोष्टी लिहून दिल्या. एकाला दमा, एकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. ही सगळी मुलं त्या सकाळी बसमध्ये बसलेली होती.

बालाजी फॉर्म घेऊन माझ्या टेबलापाशी आला. सगळं नीट भरलं होतं, गोळीचं नाव, वेळ, डॉक्टरांचा नंबरसुद्धा. पण सहीची जागा कोरी होती.

"मी भरलाय मॅडम. पण तीच येत नाही म्हणती. म्हणली, परत माझ्यामुळं बस थांबंल."

मी संध्याकाळी कुरुळीला त्यांच्या खोलीवर गेले. वैष्णवीने मला पाणी आणून दिलं, अभ्यासाची वही दाखवली, पण शिबिराचा विषय काढला की उठून आत जायची. मी फार ताणलं नाही. तो हक्क मी घालवून बसले होते.

हल्ली कुणी विचारलं, मुलांच्या शिबिराला कसलं आलंय अ‍ॅक्रेडिटेशन, तर मी एवढंच सांगते. ते प्रश्न कधी ना कधी विचारावेच लागतात. आधी विचारले तर एखाद्या ऑफिसात, कुणाही मुलाचं नाव न घेता विचारून होतात. मी ते गेटवर विचारले, सगळ्यांसमोर.

एकेचाळीस मुलं जाऊन आली.