मागं वळून पाहणारा सुखराम

सुखराम गेल्याचं मला शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. मी अंगणात तोंड धूत होतो. "बाबूजी, तुमचा दोस्त गया. गोंदियाच्या दवाखान्यात, पहाटे," एवढं बोलून तो दुकानाकडे निघून गेला. तोंडावर पाणी तसंच ठेवून मी उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल, म्हातारा हादरला. खरं सांगायचं तर मनात आधी दुःख आलंच नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. आता हा मला काही विचारणार नाही, हा पहिला विचार. त्याची लाज मला दुपारी घाटावर वाटली. तिथे माणसं थोडीच होती. एवढ्या मोठ्या गावातून इतकीच. माझ्या मागे कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "गेला बाप्पा कचरेवाला." मी वळून पाहिलं नाही. कोण बोललं ते मला आवाजावरून कळलं होतं, आणि त्याला उत्तर फक्त मीच देऊ शकतो हेही ठाऊक होतं. तरी दिलं नाही. काही आठवडे गेले आहेत. आता लिहितो आहे.

सुखराम स्वभावानेच संशयी होता. बसची पाटी वाचून झाल्यावरही कंडक्टरला विचारायचा, "हे खरंच गोंदियालेच जाऊन राहिली ना?" दवाखान्यात आपला ताप मोजून झाला की शेजारच्या माणसाचाही मोजायला लावायचा, थर्मामीटर बिघडलं नाही ना हे पाहायला. मुलीसाठी नवेगाव बांधचं स्थळ आलं तेव्हा मीही सोबत होतो. चहा यायच्या आधीच हा उठला आणि म्हणाला, "पोरगा मंग पाहू. आधी विहीर दाखवा." मुलाचे वडील चिडले. "एवढा मोठा तलाव हाय गावाले, अन् तुमी विहीर कायले पाहता?" सुखराम शांतपणे म्हणाला, "तलाव सरकारचा हाय. माही पोरगी तुमच्या विहिरीचं पिणार." विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन त्याने वास घेतला, चव पाहिली, थुंकला, पुन्हा चव पाहिली. मग म्हणाला, "आता बोलवा पोराले." ती मुलगी आज सुखात आहे.

हा संशय त्याच्यात कधीपासून होता ते मला ठाऊक आहे, कारण त्याच्या पहिल्या संशयाला मी साक्षी होतो. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद काढतात. गवत आणि पळसाच्या फांद्यांची ती बाहुली घेऊन पोरं सकाळीच गावभर ओरडत फिरतात, "खोकला घेऊन जा री नारबोद, रोगराई घेऊन जा री नारबोद." मग गावाबाहेरच्या माळावर तिला टाकायचं आणि मागं वळून न पाहता घरी यायचं. पाहिलं तर ती परत येते, असं मोठी माणसं सांगत. त्या वर्षी पाऊस धो धो कोसळत होता. सगळी पोरं पळाली, आणि सुखरामने माझा हात धरला. "खरंच जाते का, पाहू ना गा." आम्ही दोघांनी वळून पाहिलं. माळावरून पाण्याचे लोट खाली येत होते. आमची नारबोद त्यांच्याबरोबर गडगडत, उलटीपालटी होत आली आणि थेट बोडीत जाऊन पडली... बोडी म्हणजे आमच्याकडचा शेताजवळचा लहान तलाव. गुरं तिथे पाणी पितात, धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, तिच्यावरच भिजतात. मी घाबरून रडलो. सुखराम हसत होता. "पाहिलं? हे कुठंच जात नाही. आपल्यालेच भेटते." घरी सांगायचं नाही असं ठरलं, आणि आम्ही सांगितलं नाही.

पुढे मी पाटबंधारे खात्यात लागलो, जन्मभर कालव्यांवर फिरलो, निवृत्त होऊन गावी परतलो. सुखराम गावातच राहिला, धान पेरत आणि सगळ्यांवर संशय घेत. आणि एका उन्हाळ्यात शेजारच्या शहराला कचऱ्यासाठी जागा हवी झाली. कचरा कुठे टाकायचा याचे आता नियम आहेत. तलावापासून जागा लांब असावी लागते, खाली प्लास्टिकचा थर अंथरावा लागतो, कचऱ्यातून झिरपलेलं पाणी बाहेर जाणार नाही अशी सोय करावी लागते. नियम चांगलेच आहेत. पण जागा कोणती, हे शेवटी कुणीतरी माणूसच दाखवतो. आमच्या माळावर कुणाची शेती नव्हती, कुणाची गुरं तिकडे जात नव्हती. गावाची पीडा टाकायची जागा ती, वर्षातून एकदाच जायचं, तेही मागं न पाहता. त्यामुळे तिथलं पाणी कुठे जातं हे गावात कुणी कधी पाहिलंच नव्हतं. ग्रामसभेतही कुणाला काही वाटलं नाही. घाणीची जागा घाणीला गेली, एवढंच.

साहेब लोक पाहणीला आले तेव्हा बोडी कोरडी ठाक होती, तळाला भेगा पडलेल्या. पाणी तिथे असतं हे परक्या माणसाच्या लक्षातही आलं नसतं. मला पाटबंधारे खात्यातला माणूस म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं, थंड पाणी दिलं, साहेब मला "आपण" म्हणत होते. गावकरी लांब मोहाच्या झाडाच्या सावलीत बसून पाहत होते. सुखरामला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला. साहेबांना घेऊन माळभर फिरला, हात लांब करकरून उतार दाखवत राहिला. शेवटी जीपपाशी येऊन म्हणाला, "साहेब, इथं टाकलं त बोडीत येते. नारबोद येते त कचरा नाई येणार?" नारबोद म्हणजे काय, हे साहेबांना त्यानेच समजावून सांगितलं. ते गालात हसले. सुखराम म्हणाला, "हसू नका. या गणपतनं बी पाहिलं हाय. विचारा त्याले."

साहेब माझ्याकडे वळले. "काय हो? खरं आहे?"

सुखराम माझ्याकडे पाहत होता. ऊन डोक्यावर होतं... आणि मला त्या चांगल्या कपड्यांतल्या माणसांसमोर गवताच्या बाहुलीची साक्ष द्यायची लाज वाटली. एवढंच कारण. दुसरं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "लहानपणीच्या गोष्टी आहेत साहेब. उतार तिकडे नाल्याकडे आहे." साहेबांनी मान हलवली. सुखरामने माझ्याकडे एकदाच नीट पाहिलं, थर्मामीटरकडे पाहायचा तसं. मग तो पायवाटेने निघून गेला.

मोहाच्या सावलीतल्या लोकांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की सुखराम साहेबांबरोबर हिंडतो आहे आणि हात करून जमीन दाखवतो आहे. मी तर जीपपाशीच होतो. पावसाळ्याआधी गाड्या सुरू झाल्या. प्लास्टिकचा थर कुणाला दिसला नाही, "घनकचरा प्रकल्प" असा बोर्ड मात्र लागला. पाऊस पडला आणि बोडीचं पाणी काळपट झालं, वर तेलकट साय धरली. मासे उलटे तरंगले. बैल पाण्याला तोंड लावून मागे सरायचे. खालच्या बांध्यांत धान पिवळं पडलं. तपासणी झाली, पण पाण्याचा नमुना घेतला शाळेजवळच्या हापशीचा, आणि तो चांगला निघाला. मग गावाने अपराधी शोधायला सुरुवात केली. सुखरामचा भाचा शहरात घंटागाडी चालवायचा, पाहणीच्या कितीतरी आधीपासून. पण गावाला तेवढं पुरलं. "काऊन लागली भाच्याले नोकरी, आता समजलं ना?" असं पानठेल्यावर ठरून गेलं. मी तिथेच पान लावून घेत होतो. मीही मान हलवली.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांच्या घोळक्यात मोठी माणसंही मिसळली. खोकला झाला, रोगराई झाली, आणि सुखरामच्या दारासमोर येताच आवाज चढला, "कचरेवाल्याले घेऊन जा री नारबोद!" मी माझ्या ओसरीवरून ऐकत होतो. सुखराम दारात आला, उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "न्या बाप्पा न्या. पण टाकून आल्यावर मागं पाहजा. नाहीतर संध्याकाळी घरीच येईन मी." काही पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत. जानका वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला आत ओढलं आणि दार लावलं.

मला वाटलं होतं, आता तो माझं नाव घेणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं, म्हातारपणी माणसाचा गोंधळ होतो, वगैरे. त्याने नाव घेतलं नाही. उलट दुसऱ्याच दिवशी दुपारी माझ्याकडे आला, आणि मग येतच राहिला. इकडचं तिकडचं बोलायचा. धान, दवाखाना, नागझिऱ्याच्या रस्त्यावर दिसलेलं अस्वल. त्या माळाबद्दल एक शब्द नाही. माझी झोप त्यानेच उडाली. प्रत्येक वाक्याखाली मी काहीतरी शोधायचो. "तुमच्या विहिरीचं पाणी गोड हाय गा," असं म्हणाला की मला वाटायचं, टोमणा आहे. माझ्यासाठी शिंगाडे आणले तर वाटायचं, हे कुठल्या पाण्यातले, हे मी विचारावं म्हणून आणलेत. जन्मभर तो जगावर संशय घेत राहिला, आणि म्हातारपणी मी त्याच्या चांगुलपणावर संशय घेत बसलो. हा गावाला कधी सांगेल? का सांगत नाही? माझ्याकडून काय हवंय याला? त्याने ते कधीच सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तेरवीनंतर मी पेपरसाठी हा लेख अर्धा लिहून जानका वहिनींना वाचून दाखवायला गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकताना एकदाही वर पाहिलं नाही. जीपपाशी मी काय बोललो ते वाचताना माझा आवाज अडखळला, तर म्हणाल्या, "वाचा ना भाऊजी. मले माहीत हाय ते." मी थांबलो. पाहणीच्याच दिवशी संध्याकाळी सुखरामने त्यांना सगळं सांगितलं होतं.

"मग गावाला का नाही सांगितलं त्याने?"

"मी बी हेच म्हणो. त मले म्हणे, मी सांगितलं त लोक म्हणतीन, आपल्यावरचं काढून दोस्तावर टाकून राहिला. त्यानंच सांगितलं त लोकायले पटन. अन् तो सांगन, म्हणे. आज नाई त उद्या." त्यांनी सुपातला खडा वेचून अंगणात फेकला. "तुमच्याकडं कायले येत होता वाटते तुमाले? शिंगाडे द्याले?"

मी कागद घडी करून खिशात ठेवले. उठलो तशा त्या म्हणाल्या, "पेपरात तिकडचे लोक वाचतीन. गावाले तुमच्या तोंडानं सांगा."

सांगितलं. माळावर आता नवा कचरा येत नाही, वर माती टाकून जागा नीट बंद करायची चर्चा चालू आहे. त्यासाठी भरलेल्या ग्रामसभेत उभा राहून मी सगळं सांगितलं, नारबोदीपासून जीपपर्यंत. वाटलं होतं, लोक माझ्यावर तुटून पडतील. मी तयार होतो, कदाचित मला ते हवंही होतं. कुणी तुटून पडलं नाही. मागून एकजण म्हणाला, "मेलेल्याबद्दल समदेच चांगलं बोलतात, बाबूजी." दुसरा शेजाऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल असं, "वहिनीनं बोलाले लावलं असन. दोस्ती होती ना." आणि सभा पुढच्या विषयावर गेली, मातीचे ट्रॅक्टर कुणाचे लावायचे यावर. तो जिवंत असताना, त्याच्या दारासमोर उभं राहून मी हे बोललो असतो तर खरं ठरलं असतं. आता माझं खरंही संशयास्पद आहे. म्हणून इथे, जिथे मला कुणी ओळखत नाही, तिथे नावानिशी लिहितो आहे. जागा सुखरामने दाखवली नव्हती. तो एकटाच नको म्हणत होता. पाणी बोडीत जातं हे मला ठाऊक होतं, आणि मी नाही म्हणालो.

सुखरामची एक सवय मला तेव्हा फार खुपायची. दुपारचं बोलणं संपलं की तो "येतो मंग" म्हणून उठायचा, चपला घालायचा आणि लगेच निघायचा नाही. ओसरीच्या खांबाला हात टेकवून, माझ्याकडे पाठ करून, नुसता उभा राहायचा. मला वाटायचं, हा माझं घर न्याहाळतो आहे, काहीतरी शोधतो आहे. जाईपर्यंत मी श्वास रोखून बसायचो. त्याच्या हाताच्या उंचीवर त्या खांबाचा रंग पार गेला आहे, लाकूड गुळगुळीत झालं आहे. मुलगा परवा घर रंगवायला माणूस घेऊन आला. मी मुलाला म्हणालो, बाकी सगळं रंगव, तेवढा एक खांब राहू दे. तो म्हणाला, "काऊन जी? वाईट दिसते." मी त्याला खाली बसवलं, आणि सुरुवातीपासून सांगायला लागलो.