टावर शे का?
परवा उशीची शिवण उसवली आणि कापसाच्या वासाबरोबर दिवाळीची ती सुट्टी आठवली. पुण्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी कम्युनिकेशन घेतलं होतं, आणि एरंडोलजवळच्या आमच्या गावानं त्याचा अर्थ लावून टाकला होता, की पोरगी मोबाइलचं शिकते. पुढच्या खोलीत वेचलेला कापूस छताला टेकला होता, अंग नुसतं खाजत होतं, आणि शेजारचे नाना त्यांचा बटणांचा फोन घेऊन दारात उभे राहिले. "बेटा, तू ते कम्युनिकेशन शिकस ना? मंग दख बरं, ह्याले टावर का येस नही? मनी पोर सुरतले शे. दिवाई उनी, तरी तिना फोन नही." दिवाळी आली तरी सुरतेच्या लेकीचा फोन नाही, म्हणजे रेंजच नसणार, असं त्यांचं म्हणणं. मी पाहिलं तर रेंजच्या काड्या भरलेल्या होत्या. तरी खात्री करावी म्हणून माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. त्यांचा फोन वाजला मात्र, नानांनी तो माझ्या हातातून ओढून कानाला लावला, चेहरा नुसता उजळला. "नाना, मीच लावलाय," मी म्हणाले. फोन हळूच खाली घेत त्यांनी विचारलं, "म्हंजे टावर शे?" कॉलेजात शिकले होते की बोलणारा असतो, ऐकणारा असतो आणि मध्ये अडथळा असतो, इथे अडथळा कुठे होता तेच मला कळेना. आता पदवी मिळाली आहे, पण टावर आहे, असं मी नानांना सांगायला हवं होतं की नाही, ते अजून ठरत नाही.